मालक बदलला, पाटी बदलली. युनियनने काय करावे?

सरकारी कारखाना, महामंडळ किंवा नगरपालिकेचे एखादे खाते खाजगी मालकाच्या हाती गेले की पहिला बदल गेटवरच्या पाटीत दिसतो. दुसरा बदल पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो. तिसरा बदल मात्र लगेच ध्यानात येत नाही. युनियनच्या ऑफिसला दिलेली खोली परत मागितली जाते, पगारातून कापली जाणारी वर्गणी बंद होते आणि काल साहेबांच्या केबिनमध्ये थेट जाणारा सेक्रेटरी आज गेटबाहेर उभा राहतो. मग कामगार म्हणू लागतो, ‘‘आता युनियन कशाला? वर्गणी घेते आणि काही करत नाही.’’

आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या कामगारांचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे हा प्रश्न आमच्या कानावर आठवड्यातून दोनदा तरी पडतो. या प्रश्नाची टर उडवून चालणार नाही. आपल्या समाजातील पहिली पिढी गाव सोडून शहरात आली ती रेल्वे, गोदी, बेस्ट, वीज मंडळ आणि महापालिका यांच्या आधाराने. कायम नोकरी, क्वार्टर, फंड आणि म्हातारपणी पेन्शन एवढ्या भांडवलावर त्या पिढीने मुले शिकवली. ती नोकरीच आता कंत्राटदाराच्या वहीत गेली असेल तर तिचे राखण करणारी संघटना कशी असावी, हा आपल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

खाजगीकरणाचे तीन रस्ते

खाजगीकरण म्हणजे कंपनी विकणे एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचे तीन रस्ते आहेत. पहिला सरळ विक्रीचा. सन २००० मध्ये मॉडर्न फूड इंडस्ट्रीज हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली, २००१ मध्ये बाल्को स्टरलाइटकडे गेली, २००२ मध्ये विदेश संचार निगमची सूत्रे टाटांकडे गेली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाही टाटांच्या ताब्यात गेली.

दुसरा रस्ता फ्रँचायझीचा. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यानंतर जानेवारी २००७ मध्ये भिवंडीची वीज वितरणाची जबाबदारी टोरेंट कंपनीला देण्यात आली. तारा आणि खांब महावितरणचे, वसुली खाजगी कंपनीची.

तिसरा रस्ता सर्वात शांत आणि सर्वात रुंद. खाते सरकारचेच राहते, पाटीही तीच राहते. पण निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरली जात नाही. ते काम कंत्राटदाराला दिले जाते. सफाई, सुरक्षा, वाहन चालवणे, मीटर वाचणे, रुग्णालयातील आया व वॉर्डबॉय ही सारी कामे याच रस्त्याने गेली. येथे विक्रीची जाहिरात निघत नाही, म्हणून मोर्चाही निघत नाही. एक दिवस मस्टर उघडून पाहावे तर कायम माणसे पंचवीस आणि कंत्राटी शंभर.

सदुसष्ट दिवसांचा संप

कोरबा येथील भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनी म्हणजे बाल्को. केंद्र सरकारने तिचे ५१ टक्के भाग ५५१ कोटी ५० लाख रुपयांना विकले. कामगारांनी मार्च २००१ मध्ये संप पुकारला. तो ६७ दिवस चालला. वेगवेगळ्या झेंड्यांच्या युनियना एकत्र आल्या. छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री अजित जोगी यांनीही विक्रीला उघड विरोध केला. एवढे असूनही विक्री रद्द झाली नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कामगारांचे म्हणणे असे की, कंपनी सरकारी असताना आम्हाला घटनेच्या १४ व्या आणि १६ व्या कलमाचे संरक्षण होते. ते आम्हाला न विचारता कसे काढून घेता? १० डिसेंबर २००१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. निर्गुंतवणूक हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा भाग आहे आणि कंपनी कायम सरकारी राहावी असा हक्क कामगारांना सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता.

या निकालाचे दुःख आपल्याला आहेच. पण त्यातून शिकायचे काय? विक्रीनंतर एक वर्ष कामगार कपात होणार नाही, अशी अट बाल्कोच्या विक्री करारात होती. एअर इंडियाच्या वेळीही एक वर्ष कुणाला काढायचे नाही, त्यानंतर काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती देऊन, अशी अट होती. म्हणजे संरक्षण मिळाले ते वर्षभराचे. ज्या युनियनने ते वर्ष केवळ निषेध सभा घेण्यात घालवले तिच्या हाती पुढे काहीच उरत नाही. ज्या युनियनने त्याच वर्षात नव्या मालकाशी लेखी करार केला, सेवाज्येष्ठतेच्या याद्या सही-शिक्क्यानिशी मिळवल्या, फंड आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब उतरवून घेतला, तिचे कामगार निदान रिकाम्या हाताने घरी जात नाहीत.

हायकोर्टाचा दरवाजा

सरकारी नोकरीत अन्याय झाला की आपण म्हणतो, ‘‘रिट टाकू.’’ सरकारी कंपनी घटनेच्या १२ व्या कलमाप्रमाणे ‘राज्य’ या व्याख्येत बसते म्हणून हा दरवाजा उघडा असतो. मालक खाजगी झाला की तो मिटतो. एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनी बढती आणि वेतनाच्या तक्रारी घेऊन मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज केले होते. अर्ज केले तेव्हा कंपनी सरकारी होती. सुनावणी होईपर्यंत ती खाजगी झाली. आता या अर्जांची दखल घेता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आणि १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. दाद मागायची तर दुसऱ्या योग्य ठिकाणी मागा, एवढी वाट मात्र मोकळी ठेवली.

ती दुसरी वाट म्हणजे कामगार आयुक्तांचे कार्यालय, समेट अधिकारी आणि औद्योगिक न्यायाधिकरण. पुष्कळ सरकारी युनियनांना या वाटेची सवयच राहिलेली नव्हती. मंत्र्यांकडे शिष्टमंडळ नेणे, खासदाराकडून प्रश्न विचारून घेणे आणि वकील लावून रिट करणे, एवढीच त्यांची साधने होती. खाजगी मालकाला संसदेत कोणी प्रश्न विचारत नाही. त्याला समेट अधिकाऱ्यासमोर बसवावे लागते.

ते बसवता येते, याचेही उदाहरण आहे. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे केबिन कर्मचारी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजेवर गेले आणि विमाने रद्द झाली. व्यवस्थापनाने २५ जणांना बडतर्फ केले. दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बैठक होऊन ९ मे रोजी त्या २५ जणांना परत घेण्याचे ठरले. कंपनी खाजगीच होती. पण मागे संघटना होती आणि बैठकीला कायद्याचे टेबल होते.

कंत्राटी माणूस कोणाचा?

आता तिसऱ्या रस्त्याकडे वळू, कारण आपली सर्वाधिक माणसे त्यावर आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली बंदी आलेल्या कामातील माणसे मुख्य मालकाची कायम माणसे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एअर इंडियातील सफाई वगैरे कामे करणाऱ्यांच्या खटल्यात म्हटले होते. तो आनंद पाच वर्षेच टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात मोठ्या पीठाने ते मत बदलले. आपोआप कायम होणे नाही. मात्र कंत्राट हे नुसते सोंग आहे असे न्यायाधिकरणासमोर सिद्ध झाले तर तो कामगार मुख्य मालकाचाच मानावा लागेल, असे न्यायालयाने सांगितले.

या एका फटीतून मुंबईच्या सफाई कामगारांनी वाट काढली. मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखालील कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना संघटित केले. या कामगारांत बहुसंख्य दलित, म्हणजे आपलीच माणसे. पालिकेने युक्ती अशी केली होती की कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हणायचे, पगाराला ‘मानधन’ म्हणायचे आणि कामाचे असे तुकडे पाडायचे की एका कंत्राटात वीस माणसे भरू नयेत. वीसच्या खाली असले की कंत्राटी कामगार कायदा लागू होत नसे. रात्रंदिवस शहराचा कचरा उचलणारा माणूस कागदावर समाजसेवा करत होता!

संघाने गाडीवरची हजेरी, कामाची ठिकाणे, हुकूम कोण देतो, झाडू-घमेली कोण पुरवतो याचे पुरावे जमवले. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांच्या बाजूने निर्णय दिला, २०१६ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या कामगारांना कायम करण्यास सांगितले. एवढे होऊनही सगळ्यांना लगेच ऑर्डर मिळाली नाही. यादीतले नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नाही म्हणून कित्येकांना थांबवून ठेवले. काहींचा तर निकाल येण्याआधीच मृत्यू झाला. नावातल्या एका काना-मात्रेसाठी माणसाची नोकरी अडते, हे आम्ही अर्ज लिहिताना रोज पाहतो. म्हणून जी युनियन आपल्या सभासदाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी करून घेते ती निम्मी लढाई आधीच जिंकते, असे आमचे मत आहे.

बेस्टमधील दोन संप

मुंबईच्या बेस्टमध्ये जानेवारी २०१९ मध्ये कायम कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी जूनमध्ये बेस्ट वर्कर्स युनियन, बेस्ट आणि महापालिका यांच्यात समझोता झाला. भाड्याच्या गाड्या घेण्यास युनियनने आडकाठी करायची नाही आणि बेस्टने स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवायच्या, असे त्यात ठरले. पुढे भाड्याच्या गाड्या आल्या. ३,३३७ चा आकडा मात्र राहिला नाही. जुन्या गाड्या भंगारात निघत गेल्या आणि त्यांच्या जागी पुरेशा नव्या आल्या नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये दुसरा संप झाला. हा संप भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या कंत्राटी चालकांचा. एका चालकाच्या कुटुंबाने आझाद मैदानावर उपोषण सुरू केले आणि एकेका आगारातून गाड्या बाहेर पडणे थांबले. मागणी साधी होती: तोच रस्ता, तेच प्रवासी, तेच स्टिअरिंग, तर पगारही तसाच द्या. आठवडाभर मुंबईकरांचे हाल झाले आणि मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाल्यावर संप मिटला.

हे दोन संप शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात कायम कामगार होते, दुसऱ्यात कंत्राटी. एकाच आगारात, एकाच कँटीनमध्ये चहा पिणारी ही माणसे दोन वेळा, दोन ठिकाणी, वेगवेगळी लढली. नऊ दिवस आणि आठवडा यांची बेरीज त्यांनी कधी केली नाही. मालकाला याहून सोयीचे काय असते?

विणकाम खात्याचा जुना प्रश्न

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात जास्त मजुरी मिळत असे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होईल अशा सबबीखाली त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना हाच सवाल केला. मालकाकडे समतेची मागणी करणाऱ्यांनी स्वतःच्या खात्याचे दार आधी उघडावे, हे त्यामागचे म्हणणे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांबरोबर मुंबईत संप केला. म्हणजे भेदाबद्दल जाब विचारायचा आणि समान संकट आले की एकत्र लढायचे, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या.

आज विणकाम खात्याच्या जागी ‘कायम’ हा शब्द आला आहे. अनेक युनियनांच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासदत्व नाही. आणि कंत्राटी कामगार बहुतेक कोणत्या वस्तीतून येतो, हे आम्ही सांगायला नको. केंद्र सरकारच्या कंपनीत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा राखीव असतात. कंपनी विकली की नव्या भरतीला ते बंधन राहत नाही. रोस्टर, अनुशेष, संपर्क अधिकारी हे शब्दच संपतात. मागासवर्गीय कर्मचारी संघटना आजवर रोस्टर तपासण्याचे काम करत. रोस्टरच राहिले नाही तर त्यांनी घरी बसायचे काय? आमचे म्हणणे असे की, या संघटनांनी आता भरतीची माहिती मागावी, कंत्राटातील माणसांची नावे आणि मजुरी तपासावी आणि सर्वसाधारण युनियनमध्ये पदाधिकारी म्हणून शिरावे. बाहेर राहून निवेदने देण्याचा काळ मागे पडला आहे.

नवा कायदा, नवे गणित

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील काही गोष्टी घराघरात माहीत हव्यात. ज्या आस्थापनेत एकापेक्षा अधिक युनियना आहेत तेथे मस्टरवरील ५१ टक्के कामगार जिच्याकडे असतील तीच वाटाघाटी करणारी युनियन ठरेल. कोणाकडेच ५१ टक्के नसतील तर निदान २० टक्के सभासद असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद होईल. पाच झेंड्यांखाली दहा-दहा टक्के वाटून घेतलेल्यांना टेबलावर जागा नाही.

संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना बंधनकारक झाली आहे. निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच धरला जाईल. कंत्राटी कामगारांबाबतची तरतूद २० ऐवजी ५० माणसांपासून लागू होते. म्हणजे पूर्वी वीसच्या खाली पाडले जाणारे तुकडे आता पन्नासच्या खाली पाडता येतील. कामावरून काढल्याची तक्रार करायला पूर्वी तीन वर्षे मिळत, आता दोन. दुसऱ्या बाजूला, ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. हा हक्क मागितल्याशिवाय कोणी आणून देणार नाही.

युनियनला कायद्याने मान्यता मिळावी म्हणून मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये विधेयक मांडले होते. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली. पण ती अंमलात आणलीच गेली नाही. एवढ्या वर्षांनी केंद्रीय कायद्यात मान्यता आली ती ५१ टक्क्यांची अट घेऊन. ती अट पुरी करायची की तिच्या नावाने बोटे मोडायची, हे आपणच ठरवायचे आहे.

घरातून सुरुवात

युनियन बदलायची तर तिच्या सभासदाचे घरही तयार हवे. ऑक्टोबर २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कलिन्यातील वसाहतीतील कर्मचाऱ्यांना विक्रीनंतर सहा महिन्यांत घरे सोडावी लागतील असे कळवण्यात आले, तेव्हा तो प्रश्न कर्मचाऱ्याइतकाच त्याच्या पत्नीचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचा होता. म्हणून आमची भगिनींना विनंती आहे की, घरात एक फाईल करा. तिच्यात नेमणुकीचे पत्र, ओळखपत्र, प्रत्येक महिन्याची पगारचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचे कार्ड आणि हजेरीचा कोणताही पुरावा ठेवा. फंडाचे पासबुक मोबाईलवर दर तीन महिन्यांनी मुलांकडून पाहून घ्या. कापलेले पैसे भरले गेले नाहीत हे पाच वर्षांनी कळण्यापेक्षा तीन महिन्यांनी कळलेले बरे. कंत्राटदार मजुरी बुडवून पळाला तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर येते, हेही लक्षात ठेवा.

युनियनच्या पुढाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: कंत्राटी कामगाराला सभासद करा, त्याच्याकडून कमी वर्गणी घ्या, पण मत पूर्ण द्या. कार्यकारिणीत सफाई आणि आया खात्यातील स्त्रिया घ्या. पगारातून कापून येणाऱ्या वर्गणीवर विसंबू नका. महिन्यातून एकदा घरोघर जाऊन पावती फाडा. त्या निमित्ताने कुणाचा फंड अडला, कुणाचे नाव चुकले, कुणाला विनाकारण घरी बसवले हे कळते. वर्षातून एकदा सभासदांपुढे हिशेब वाचून दाखवा. आणि गेटवरच्या दुसऱ्या युनियनशी निदान वेतन कराराच्या वेळी तरी एका टेबलावर बसा. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सेवांचे खाजगीकरण सुरू असताना तेथील तीन मोठ्या संघटनांनी जुनी नावे सोडून १९९३ मध्ये ‘युनिसन’ ही एकच संघटना केली. त्यांना ते जमले; आपल्याकडे एका आगारातील दोन युनियनांना एक पत्रक काढायला काय हरकत आहे?

‘युनियन कशाला?’ या प्रश्नाला भाषणाने उत्तर मिळत नाही. कंत्राटी पोरीला बुडालेला तीन महिन्यांचा पगार मिळवून दिला की मिळते. आपल्या विभागातील वाचकांनी येत्या रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात तासभर एकत्र बसावे, कोण कुठल्या कंत्राटदाराकडे आहे याची यादी करावी आणि ती यादी घेऊन सोमवारी युनियनच्या ऑफिसात जावे. यादीत नाव घालताना मात्र ते आधार कार्ड पाहूनच लिहावे.